पिकअपचे टायर आणि पाटे: पैसे कुठे घालावेत, कुठे थांबावं

शहरांत आता लडाखसारख्या दूरच्या सफरींसाठी गाडीला मोठे टायर आणि भारी सस्पेन्शन बसवण्याचा शौक वाढला आहे. भोकरदन तालुक्यात हेच बदल रोजीरोटीसाठी केले जातात. पिंपळगाव रेणुकाईची मिरची, मका, कापूस, सोयाबीन, सगळं पिकअपवर चढतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदीतून निघालेली गाडी पुढे अजिंठ्याचा घाट उतरून जळगावकडे जाते. घरात शादी-वलीमा असला की तिच्यातच माणसंही बसतात.

गाडी कर्जाची आणि हप्ता ठरलेला. म्हणून मालक गॅरेजवाल्याला विचारतो, "मागे दोन पाटे वाढवले तर किती माल जास्त बसेल?" आमचं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. पाटे वाढवले की गाडी मागून कमी दबते, पण तिची वजन उचलण्याची क्षमता वाढत नाही. असं का, ते खाली पाहू.

टायरवर काय लिहिलेलं असतं

समजा टायरवर "१९५ आर १५ एलटी" असं आहे. १९५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास आणि एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. जवळच भार निर्देशांक असतो. १०२ असेल तर एका टायरवर जास्तीत जास्त ८५० किलो आणि १०६ असेल तर ९५० किलो. "१०६/१०४" अशी जोडी असेल, तर पहिला आकडा एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी.

आता हिशोब करा. मागच्या दोन एकेरी चाकांना १०६ चे टायर असतील, तर दोन्ही मिळून १,९०० किलो. यात गाडीचं स्वतःचं मागचं वजनही आलं. वर चार पाटे वाढवा की सहा, हा आकडा तोच राहतो. अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि ब्रेकही कंपनीने दिले तेवढेच राहतात.

डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे तारखेचे असतात. "२३२४" म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. स्वस्तात मिळणारा टायर बऱ्याचदा दुकानात पडून जुना झालेला असतो. हे आकडे बघूनच पैसे द्या.

कोणता टायर घ्यावा

डांबरी रस्त्यावर जास्त धावणाऱ्या गाडीला सरळ खाचांचा रिब टायर चांगला. तो कमी आवाज करतो आणि स्टेअरिंगला हलका जातो. शेतातून माल काढायचा असेल तर मागे आडव्या, खोल नक्षीचा लग टायर चिखलात पकड देतो, पण डांबरावर तो लवकर झिजतो.

एकाच अ‍ॅक्सलवर रेडियल आणि नायलॉन टायर कधीही मिसळू नका. रबर चढवलेला रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला नको. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर कायद्याने बाद होतो. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांना नक्षी टेकली, तर टायरचा दम संपला असं समजा.

हवा आणि झीज

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती हवी ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात. चिखलातून निघायला हवा कमी केली असेल, तर डांबरावर चढताच परत भरा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात फुटतो.

झीजही बरंच काही सांगते:
- दोन्ही कडा झिजल्या: हवा कमी.
- मधला भाग झिजला: हवा जास्त.
- एकच कड झिजली: अलाइनमेंट बिघडली.
- जागोजागी खड्डे पडले: शॉकअप गेला असण्याची शक्यता.

पाटे आणि शॉकअप

पाटे वजन पेलतात आणि शॉकअप पाट्यांची उसळी थांबवतो. पाटे वाढवले की रिकामी गाडी खड्ड्यावर उडते, मागची चाकं क्षणभर जमीन सोडतात आणि नेमका तेव्हा ब्रेक लागत नाही.

याहून मोठा धोका लपलेला असतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती दबली यावरून तो वजन ओळखतो. जाड पाट्यांमुळे गाडी दबलीच नाही, तर माल भरलेला असूनही व्हॉल्व्ह तिला हलकी समजतो आणि मागचा ब्रेक कमी देतो. घाट उतरताना हे जिवावर बेतू शकतं.

तुटलेला पाटा जरूर बदला, पण कंपनीच्या मापाचाच टाका. सोबत बुश आणि यू-बोल्ट तपासा आणि थोडं अंतर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. शॉकअपमधून तेल गळत असेल, तर दोन्ही बाजूंचे बदला.

कायदा आणि विमा

नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे.

मालवाहू गाडीत बसवलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये सांगितलं. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांची गोष्ट वेगळी. वऱ्हाडातल्या बायका-मुलांना मात्र हे संरक्षण नाही. लग्नाला बस किंवा प्रवासी परवान्याची जीपच करा.

खर्चाचा क्रम

आधी योग्य निर्देशांकाचे टायर, मग अलाइनमेंट, मग शॉकअप आणि बुश, शेवटी तुटका पाटा. स्टेपनी आणि जॅक चालू स्थितीत ठेवा. एवढं करूनही माल बसत नसेल, तर दोन फेऱ्या मारा किंवा मोठी गाडी भाड्याने घ्या. दुसऱ्या फेरीचं डिझेल अपघाताच्या खर्चापुढे काहीच नाही.