मिनामाता रोग

मिनामाता रोग हा मिथिल पाऱ्याच्या विषबाधेमुळे होणारा मज्जासंस्थेचा गंभीर विकार आहे. जपानच्या क्युशू बेटावर कुमामोतो प्रांतात मिनामाता हे शहर असून तेथे १९५६ मध्ये या रोगाची प्रथम अधिकृत नोंद झाली. हा रोग संसर्गजन्य नाही. कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासे व शिंपल्यांमार्फत माणसांच्या आणि प्राण्यांच्या शरीरात गेल्याने तो उद्भवला. जड धातूंच्या प्रदूषणाचे सजीवांवर होणारे परिणाम स्पष्ट करताना हे उदाहरण प्रामुख्याने दिले जाते.

पाऱ्याचा उगम

मिनामाता येथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड या रसायनाचे उत्पादन होत असे. त्यासाठी पाऱ्याचे सल्फेट उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. या प्रक्रियेत अल्प प्रमाणात मिथिल पारा तयार होई व तो सांडपाण्याबरोबर मिनामाता उपसागरात जाई. १९५८ मध्ये हे सांडपाणी मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवण्यात आले. परिणामी उपसागराबाहेर, शिरानुई समुद्राच्या किनाऱ्यावरील इतर गावांतही रुग्ण आढळू लागले.

अन्नसाखळीतील संचय

मिथिल पारा सजीवांच्या शरीरात सहज शोषला जातो, परंतु बाहेर पडण्यास त्याला फार वेळ लागतो. पाण्यातून तो प्लवकांत, प्लवकांतून लहान माशांत व लहान माशांतून मोठ्या माशांत जातो. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. यास जैविक विशालन म्हणतात. त्यामुळे पाण्यातील पारा अत्यल्प असला, तरी मासे खाणाऱ्या जीवांना त्याची घातक मात्रा मिळू शकते. मासळीच्या स्नायूंतील प्रथिनांशी तो घट्ट बांधला जात असल्याने धुण्याने किंवा शिजवण्याने नाहीसा होत नाही. रोज मासळीवर गुजराण करणाऱ्या कोळी कुटुंबांना या विषाची सर्वाधिक झळ बसली.

प्राण्यांवरील परिणाम

माणसांतील रोगाची नोंद होण्यापूर्वीच परिसरातील मांजरांना झटके येऊ लागले होते. ती वेडीवाकडी धावत, गोल फिरत व मरून पडत. स्थानिक लोक यास ‘मांजरांचा नाचरा रोग’ म्हणत. कावळे उडता उडता खाली पडत आणि मेलेले मासे पाण्यावर तरंगत. या प्राण्यांच्या रूपाने निसर्गाने दिलेली पूर्वसूचना दुर्लक्षित राहिली.

माणसांतील लक्षणे

मिथिल पारा मेंदूतील पेशी नष्ट करतो. हातापायांना बधिरता येणे, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, दृष्टिक्षेत्र आकुंचित होणे, ऐकू कमी येणे व कंप सुटणे ही प्रमुख लक्षणे होत. तीव्र विषबाधेत झटके, बेशुद्धी व मृत्यू ओढवतो. नष्ट झालेल्या मेंदूपेशी पुन्हा निर्माण होत नसल्याने रोग पूर्ण बरा करणारा उपाय नाही.

गर्भावरील परिणाम

वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, असा त्या काळी वैद्यकशास्त्राचा समज होता. मिनामातामध्ये मात्र स्वतः फारशी लक्षणे नसलेल्या मातांच्या पोटी गंभीर मेंदूविकार असलेली मुले जन्मली. मासाझुमी हारादा या डॉक्टरांनी अशा मुलांचा अभ्यास केला. १९६२ मध्ये १६ मुलांना जन्मजात मिनामाता रोग झाल्याचे मान्य करण्यात आले. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची प्रथा आहे. पुढे अशा नाळांच्या तपासणीत मिथिल पाऱ्याचे मोठे प्रमाण आढळले व विष वारेतून गर्भापर्यंत पोहोचल्याचा पुरावा मिळाला.

कारणाचा शोध व दिरंगाई

१ मे १९५६ रोजी कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी अज्ञात मेंदूविकाराची माहिती आरोग्य विभागास कळवली. प्रारंभी हा रोग सांसर्गिक असल्याच्या समजुतीने रुग्णांच्या कुटुंबांना वाळीत टाकल्यासारखे वागवले गेले. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पारा हे कारण असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला दिले असता त्यास हाच रोग झाला. परंतु कंपनीने हा निष्कर्ष दडवून ठेवला. डिसेंबर १९५९ मध्ये सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवण्यात आली, मात्र ती सेंद्रिय पारा काढून टाकण्यासाठी बनवलेली नव्हती. १९६५ मध्ये निईगाता प्रांतात आगानो नदीच्या काठीही हाच रोग आढळला. चिस्सोने १९६८ च्या मे महिन्यात ही उत्पादनपद्धती थांबवली, ती कालबाह्य झाल्यानंतर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शासनाने कारखान्याचे सांडपाणी हेच कारण असल्याचे मान्य केले. कारण जाहीर झाल्यापासून ते मान्य होईपर्यंत नऊ वर्षे गेली आणि त्यातील बहुतेक काळ पारा समुद्रात जातच राहिला.

न्यायनिवाडा व उपाययोजना

मार्च १९७३ मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने कंपनीस दोषी ठरवून भरपाईचा आदेश दिला. २००४ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण न रोखल्याबद्दल केंद्र शासन व कुमामोतो प्रांत यांनाही जबाबदार धरले. कुमामोतो व कागोशिमा प्रांतांत २,२०० हून अधिक व्यक्तींना रुग्ण म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आहे. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये उपसागरात लावलेले जाळे १९९७ मध्ये काढण्यात आले. पारायुक्त गाळ उपसून व भराव घालून सुमारे ५८ हेक्टर जमीन तयार करण्यात आली. हे काम १९९० मध्ये पूर्ण झाले.

पाऱ्याचा वापर व उत्सर्जन नियंत्रित करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये कुमामोतो येथे स्वीकारण्यात आला व १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. त्यास ‘मिनामाता करार’ असे नाव असून भारताने २०१८ मध्ये त्यास मंजुरी दिली.