नकाराचा हक्क आणि वाट दाखविण्याचे कर्तव्य



स्मरणिकेचे काम निघाले तेव्हा चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "वहिनी, यंदा लोणच्या-पापडांची कृती नको. काही इतिहासाचे लिहा." मी पडले सातवीपर्यंत शिकलेली. इतिहास म्हटला की मला चिमाजी अप्पा आणि वसईचा किल्ला एवढेच आठवते. परंतु बायकांच्या दुखण्याखुपण्यालाही इतिहास असतो, आणि तो आपण एकमेकींना सांगितला नाही तर कोण सांगणार? माझी मुलगी कायद्याचा अभ्यास करते. तिच्याकडून मी मूळ कायदे वाचून घेतले. त्यातून जे उमगले ते येथे लिहीत आहे.

या विषयात मी शिरले ती माझ्या धाकट्या जावेमुळे. सुमारे २००८ सालची गोष्ट. तिला दोन मुले, धाकटे आठ महिन्यांचे, अंगात रक्त नाही, आणि पुन्हा दिवस गेले. दीर ट्रकवर, महिना महिना बाहेर. दहाव्या आठवड्यात मी तिला एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे हे काम होत नाही. आमच्या मनाला पटत नाही." पटत नाही, ठीक आहे. मी विचारले, "मग आम्ही कोठे जावे?" त्यावर उत्तर नाही, पुढच्या पेशंटला हाक. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, नवऱ्याची सही आणा. असे करता करता तेरावा आठवडा लागला. कोणी जडीबुटीचे औषध सुचविले, आणि जाऊ रडत रडत म्हणाली, "ताई, तेच घेते, एकदाचे सुटते."

त्या वेळी आमच्या शेजारी एक ख्रिस्ती परिचारिका राहात असत. त्यांना कळताच त्या धावत आल्या. म्हणाल्या, "वहिनी, मी स्वतः त्या कामाला हात लावीत नाही. माझा धर्म मला अडवतो. पण ते औषध हिला घेऊ देऊ नका. उद्या सकाळी सरकारी इस्पितळात जा, अमुक खिडकीवर केसपेपर काढा, आणि दोन डॉक्टरांची सही लागेल ते आधीच सांगा." आम्ही तसे केले व जाऊ सुखरूप घरी आली. दोघांनीही नकारच दिला होता. पण एकाच्या नकाराने आम्ही रस्त्यावर आलो, आणि दुसरीच्या नकाराने वाट मिळाली. तेव्हापासून माझ्या मनात प्रश्न होता, की असा नकार देण्याविषयी कायदा काय म्हणतो?

इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली. तिच्या ३१२ व्या कलमाप्रमाणे, स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केला असेल तो सोडून, गर्भपात हा गुन्हा ठरला. करणाऱ्याला शिक्षा आणि करवून घेणाऱ्या बाईलाही शिक्षा. म्हणजे त्या काळी डॉक्टराने 'नाही' म्हणणे हाच कायदा होता. पण बायकांची संकटे काही कायद्याने थांबली नाहीत. फसलेल्या विधवांचे हाल पाहून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे अशा स्त्रियांना गुपचूप बाळंत होण्याची सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तोच यशवंत. आलेल्या बाईला 'तू असे का केलेस' हे न विचारता आधी दार उघडायचे, हा धडा आपल्या महाराष्ट्राला तेव्हाच मिळालेला आहे.

पुढे शंभर वर्षांनी, १९६४ साली, सरकारने या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. १९६६ च्या अखेरीस समितीचा अहवाल आला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका जिवास मुकत होत्या, म्हणून कायदा सैल करावा असे तिने सुचविले. त्यावरून १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, बारा ते वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे. आमच्या जावेला दोन सह्या का लागल्या, ते मला इतक्या वर्षांनी कळले! उशीर आमचा नव्हता, पण भार तिच्यावर पडला.

याच सुमारास, १९६७ साली, इंग्लंडातही असाच कायदा झाला. त्यात चौथे कलम असे घातले की ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीला गर्भपात पटत नाही, त्याला त्या कामात भाग घेण्याची सक्ती नाही. मात्र बाईचा जीव वाचविण्याची वेळ आली तर ही सबब चालणार नाही. अमेरिकेतही १९७३ साली अशा तऱ्हेचे संरक्षण कायद्यात आले. आपल्या १९७१ च्या कायद्यात असे कलम नाही. त्यात 'गर्भपात करता येईल' असे म्हटले आहे, 'केलाच पाहिजे' असे नाही. नियमाप्रमाणे करणाऱ्या डॉक्टरला गुन्ह्यातून सोडविले आहे, पण न करणाऱ्याविषयी कायदा गप्प आहे.

ही उणीव २००२ साली भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनी थोडी भरली, पण उलट बाजूने. वैद्यकीय कारण असेल तर केवळ धर्माच्या कारणावरून डॉक्टरने गर्भपातास मदत नाकारू नये, असे त्यात सांगितले आहे. आपल्याला ते काम नीट येत नाही असे डॉक्टरला वाटत असेल तर गोष्ट निराळी. दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला देणे चालते, पण तातडीच्या वेळी उपचार केलाच पाहिजे, असेही तेच नियम सांगतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले व जुनेच पुन्हा लागू झाले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हे नियम डॉक्टरांसाठी आहेत, परिचारिकांसाठी नव्हेत.

आता आमच्या शेजारणीचा विचार करा. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत. त्यांची ड्यूटी त्या खोलीत लागली की त्या मेट्रनबाईंना विनंती करीत, आणि मेट्रनबाई ड्यूटी बदलून देत. म्हणजे सारे मेट्रनबाईंच्या चांगुलपणावर! उद्या दुसऱ्या मेट्रनबाई आल्या तर? इंग्लंडात कलम असूनही वाद सुटला नाही. ग्लासगोच्या दोन सुइणींचे म्हणणे होते की अशा कामावर देखरेखही आम्हांला नको. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्यक्ष कामात भाग न घेण्याची मुभा आहे, पण देखरेख व इतर व्यवस्था यांतून सूट नाही.

आपल्याकडे कायदा पुढे सरकला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचे मत पुरते, आणि काही ठराविक परिस्थितीतील स्त्रियांसाठी दोघांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुदत आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने मागितलेलीच नाही. ती १९७१ पासूनच नाही! २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरांना बजावले की कायद्यात नसलेल्या अटी बायकांवर लादू नका. हे आम्हांला २००८ साली ठाऊक असते तर किती पायपीट वाचली असती!

आपल्या मंडळात नाना जातीधर्माच्या भगिनी आहेत. गर्भपात योग्य की अयोग्य यावर आपले एकमत होणार नाही, आणि तसा माझा आग्रहही नाही. ज्या परिचारिकेचे मन घेत नाही तिच्यावर सक्ती व्हावी असे मला वाटत नाही. पण नकार देणाऱ्याने तो पहिल्याच भेटीत स्पष्ट द्यावा, पुढचे दार दाखवावे, आणि जिवावर बेतले असताना मागे हटू नये. या तीन गोष्टी परिचारिकांच्या संरक्षणासह कायद्यात लिहिल्या गेल्या, तर तिचेही मन राखले जाईल आणि दारात आलेल्या बाईचेही दिवस वाया जाणार नाहीत. आज दोन्ही गोष्टी नशिबावर आहेत.

आमच्या शेजारीणबाई निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या. नाताळात त्या भेटल्या म्हणजे जावेची चौकशी केल्याशिवाय राहात नाहीत. जाऊ त्यांच्यासाठी दरवर्षी करंज्या पाठविते. त्या दोघींनी एकमेकींचे मत कधी बदलले नाही, तसा प्रयत्नही केला नाही.

लिहिण्यात काही चुकले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.