साचा तिकडचा, रंग इकडचा

भैरवगढात वाढलेल्या मुलाला किल्ला म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गावाच्या नावातच गढ आहे. काळभैरवाला निघालो की जुना तट दिसायचा, आणि दिवाळी जवळ आली की आम्ही अंगणात त्याच तटाची नक्कल करायचो. दगड, विटा, शिप्रेकाठची माती, वर पोत्याचे ओले तुकडे आणि हिरवळीसाठी पेरलेले हळीव. मावळे मात्र इकडे मिळत नसत. ते दादरहून मामा आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून. प्रवासात निम्म्यांच्या तलवारी मोडलेल्या असत.

१९९१ च्या दिवाळीत मामांनी मातीच्या मावळ्यांबरोबर एक प्लास्टिकचा शिपाई आणला. उंची जेमतेम पावणेचार इंच. पण त्याची मान वळायची, कोपर आणि गुडघे वाकायचे, कमरेतही तो फिरायचा. हातात कुठल्याशा भविष्यकाळातली बंदूक. आमचे मावळे जन्मभर एकाच पवित्र्यात उभे, आणि हा गडी चक्क बुरुजावर बसू शकत होता! आजीने त्याला महादरवाजावर ठेवायला सांगितले आणि त्याचे नाव येसाजी ठेवले. पुठ्ठ्यावर छापलेले त्याचे इंग्रजी नाव त्या दिवशी जे पुसले गेले ते कायमचे.

यंदा गणपतीच्या मखराचे सामान काढायला माळ्यावर चढलो तेव्हा बिस्किटांच्या जुन्या डब्यात येसाजी सापडला. कमरेतून दोन तुकडे झालेला. माझ्या मुलाने तो उलटसुलट पाहिला, मोबाइलवर शोध घेतला आणि म्हणाला, "बाबा, असे जुने शिपाई परदेशातले संग्राहक विकत घेतात. विकायचा का?" उत्तर देण्यापूर्वी मला त्याची कुळकथा जाणून घ्यावीशी वाटली. तीच येथे सांगतो.

१९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने त्याला 'ॲक्शन फिगर' असे नवे नाव दिले. मग १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. त्याची खेळणी करण्याचा हक्क केनर कंपनीकडे होता, पण चित्रपट इतका चालला की नाताळपर्यंत खेळणी तयारच होईनात. केनरने शक्कल लढवली. त्यांनी रिकामे खोके विकले! आत एक पत्रक होते. ते भरून पाठवले की पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरपोच येणार. आणि लोकांनी ती खोकी विकत घेतली.

केनरने बाहुलीची उंची पावणेचार इंच ठरवली. फूटभर माणसाला शोभेल असे अवकाशयान करायचे तर ते पलंगाएवढे झाले असते. माणूस लहान केला तेव्हा त्याचे यान, त्याचा तळ, त्याचा सगळा मुलूख मध्यमवर्गीय घरात मावू लागला. त्यातूनच 'प्लेसेट' म्हणजे बाहुल्यांसाठी रचलेले स्थळ हा प्रकार फोफावला. केनरचा 'डेथ स्टार' हा अवकाशतळ चार मजली होता. त्यात वरखाली जाणारी लिफ्ट, उडून पडणारी तोफ आणि तळाशी कचरा दाबायची कोठडी होती, आत एक राक्षसही. हे वाचताना मला हसू आले. चोरवाट, तोफ, तळघर, पहारेकरी... हे सगळे तर आमच्या अंगणात होते. फरक इतकाच की त्यांचा किल्ला खोक्यातून निघायचा आणि आमचा दरवर्षी नव्याने उभा राहायचा.

१९८२ साली हॅस्ब्रोने आपला बंद पडलेला जो याच पावणेचार इंचांत पुन्हा आणला. आता कथेत लेझरच्या बंदुका होत्या, यंत्रमानव सैनिक होते, हवामान ताब्यात घेणारे यंत्रही होते. प्रत्येक पुठ्ठ्यामागे त्या पात्राची माहिती छापलेली असे.

पण येसाजी अमेरिकेतला नव्हे. परदेशी खेळणी त्या काळी आपल्याकडे सहज येत नसत. टायर बनवणाऱ्या एम.आर.एफ.ने १९८७ मध्ये हॅस्ब्रोच्या सहकार्याने 'फनस्कूल' ही कंपनी काढली आणि गोव्यातल्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. साचे हॅस्ब्रोचे, प्लास्टिक आणि रंगकाम आपले. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला असल्याने एवढे सांगू शकतो की अशा कामात खरा खर्च पोलादी साच्याचा असतो. एकदा साचा हाती आला की त्यात कुठल्या रंगाचे प्लास्टिक ओतायचे हा निर्णय त्या मानाने स्वस्तातला. म्हणून गोव्याचे शिपाई अमेरिकेतल्या भावंडांपेक्षा वेगळ्या, काही वेळा फारच भडक रंगांत निघाले. १९९४ मध्ये अमेरिकेत ही मालिका थांबली, तरी आपल्याकडे ती पुढे कित्येक वर्षे चालू होती.

माझा आतेभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा येसाजीला पाहून म्हणाला होता, "हा नकली दिसतोय, रंगच चुकलेत." बरेच दिवस मला ते लागून राहिले होते. आज त्याच चुकलेल्या रंगांसाठी तिकडचे संग्राहक फनस्कूलचे शिपाई शोधत असतात.

आमच्या भैरवगढच्या छिपा कारागिरांना यात नवल वाटणार नाही. लाकडी ठसा तोच असतो. एका चादरीवर तो लाल उमटतो, दुसरीवर काळा, पण दुसरी चादर पहिलीची नक्कल आहे असे कोणी म्हणत नाही. आपलेही तसेच नाही का? शिंद्यांच्या काळात आपले पूर्वज इकडे आले. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. पुढे दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी कित्येक घरे इथेच राहिली. साचा देशावरचा, रंग माळव्याचा. आपल्या मंडळात आरतीनंतर पुरणपोळीच्या पंगतीत दाल-बाफलेही वाढतात. पुण्याचे पाहुणे आपल्या बोलीतल्या हिंदी वळणावर हसतात, तेव्हा मला येसाजी आठवतो.

आता खेळण्याचा निकाल प्रामाणिकपणे द्यायचा तर दोष बरेच आहेत. अंगठा पातळ असल्याने बंदूक धरताना तुटतो. माझ्याकडच्याचा तुटलाच आहे. सारे शरीर कमरेच्या आत एका रबरी कड्यावर तोलले आहे. ते कुजले की वरचा आणि खालचा भाग वेगळा. मात्र पाठीवरचा एक स्क्रू काढला की ते बदलता येते, आणि दुरुस्त करता येणारे खेळणे मी चांगलेच मानतो. नळाचे सामान विकणाऱ्या दुकानातून चार कडी आणली. तिसरे बसले.

संग्राहकाला पुठ्ठ्यातून न काढलेला, कोणी न खेळलेला शिपाई हवा असतो. आमचा येसाजी त्या हिशेबात फारसा बसत नाही. त्याच्या पायाच्या सांध्यात अजून शिप्रेची माती आहे. मी ती धुऊ लागलो तेव्हा मुलानेच हात धरला. म्हणाला, "राहू द्या." विकण्याचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. उलट दिवाळीला किल्ला कुठे करायचा हे विचारतो आहे, कारण आता आमच्या घराला अंगण नाही. गच्चीचा कोपरा मोकळा करायचे ठरले आहे. माती भैरवगढाहून आणू. बंदूक हरवली आहे, पण उदबत्तीच्या काडीचा भाला त्याने आत्ताच करून ठेवला आहे.