नवी पिकअप बुक करताय? आधी चेसिस नंबर, मग कर्जाचे पैसे

कांदा, टोमॅटो, भाजीपाला बाजार समितीत न्यायचा असो की खत-बियाणं गावात आणायचं असो, स्वतःची पिकअप असली की भाड्याच्या गाडीची वाट बघावी लागत नाही. पण गाडी बुक केली की 'पंधरा दिवसांत देतो' असं सांगितलं जातं आणि हंगाम निम्मा सरला तरी गाडी दारात येत नाही, असं अनेकदा होतं. त्यात कर्ज आधीच उचललेलं असेल तर एकीकडे भाड्याच्या गाडीचे पैसे आणि दुसरीकडे नव्या गाडीचा हप्ता, असा दुहेरी मार बसतो. बुकिंगपासून चावी हातात येईपर्यंत कुठे काय बघावं, त्याची ही माहिती.

आधी माल किती, ते ठरवा

'छोटा हत्ती' म्हणून ओळखली जाणारी टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली. ती साधारण पाऊण टनाची गाडी. मोठ्या पिकअप सव्वा ते पावणेदोन टनांपर्यंत माल नेतात. ५० किलोच्या गोण्यांचा हिशोब केला तर पाऊण टनात १५ गोण्या बसतात आणि १.३ टनात २६. रोजचा माल २५ गोण्यांचा आणि गाडी पाऊण टनाची, असं झालं तर पुढे दंडाची धास्ती कायम राहते. जादा वजनाला कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये आहेत.

गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्यापेक्षा जास्त असेल तर परमिट काढावं लागतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही हा फरक असू शकतो, म्हणून बुकिंगआधी हा आकडा विचारून घ्यावा. लायसनची चिंता मात्र नको. हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

कोटेशन तोंडी नको

शोरूमकडून ऑन-रोड किमतीचं कोटेशन सही-शिक्क्यासह घ्यावं. त्यात एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, पासिंगचा खर्च, विमा, फास्टॅग आणि अॅक्सेसरीज हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असावं. 'हँडलिंग' किंवा 'इतर' या नावाने रक्कम दिसली तर ती कशाची, ते विचारावं.

मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. रोड टॅक्सबाबत राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनांसाठी ७ टक्के एकरकमी कर जाहीर झाला. गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली तर शोरूम १ टक्का टीसीएस घेतं. ही रक्कम आयकर विवरणपत्र भरून हिशोबात धरता येते किंवा परत मिळते, म्हणून पॅन नंबर बरोबर द्यावा.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरच्या दोन कंपन्यांचे दर काढून मगच ठरवावं. शिवाय २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. पैसे बँकेतूनच भरावेत, तोच पुढे पुरावा होतो.

बुकिंगच्या पावतीवर काय हवं

पावतीवर मॉडेल, इंधन, रंग, हौद्याचा प्रकार, भरलेली रक्कम आणि डिलिव्हरीची अंदाजे तारीख असायला हवी. बुकिंग रद्द केलं तर किती पैसे कापले जातील, तेही लिहून घ्यावं. बहुतेक फॉर्मवर 'डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू' अशी ओळ बारीक अक्षरात असते. म्हणजे मधल्या काळात कंपनीने दर वाढवले तर वाढ ग्राहकाच्या माथी बसते. सही करण्याआधी ही ओळ शोधून वाचावी. पैसे शोरूमच्या खात्यावरच भरावेत, सेल्समनच्या वैयक्तिक नंबरवर नाही.

गाडी का अडकते?

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना एकदम मागणी येते. सीएनजीचं मॉडेल किंवा ठरावीक रंग हवा असेल तर थांबावं लागू शकतं. काही गाड्या लांबून ट्रेलरवर येतात. टाटा एसचा कारखाना तर उत्तराखंडातल्या पंतनगरला आहे. गाडी कामासाठीच घ्यायची असेल तर रंगावर अडून बसण्यात अर्थ नाही. माल निघण्याच्या दीड-दोन महिने आधी बुकिंग केलेलं बरं.

खरी गोम कर्जात

बँक किंवा फायनान्स कंपनी कर्जाची रक्कम थेट शोरूमच्या खात्यात टाकते. रक्कम गेली त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. गाडी यार्डात उभी आहे की कारखान्यातून निघालेलीच नाही, याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. ८ लाखांचं कर्ज आणि १० टक्के व्याज धरलं तर दिवसाला सुमारे २२० रुपये होतात. महिनाभर गाडी लांबली तर साडेसहा हजार रुपये नुसते वाट बघण्यात जातात.

म्हणून आधी फक्त कर्जाचं मंजुरीपत्र घ्यावं आणि तेच शोरूमला दाखवावं. गाडी यार्डात आल्यावर तिचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेलं पत्र मागावं. शक्य असेल तर स्वतः जाऊन गाडी बघावी आणि नंबर पडताळावा. त्यानंतरच बँकेला पैसे सोडायला सांगावं. मंजुरीपत्राची मुदत किती आहे, तेही बघून ठेवावं.

पासिंगशिवाय ताबा नाही

नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज शोरूमनेच आरटीओकडे करायचा असतो. नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही, असा कायदा आहे. त्यामुळे 'घेऊन जा, नंबर नंतर येईल' असं म्हटलं तरी गाडी हलवू नये. नंबर नसताना रस्त्यात अपघात झाला तर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

मालवाहू गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. नव्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं असतं. पीयूसी पहिल्या वर्षी लागत नाही. आरसीचं कार्ड हातात येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधली आरसी चालते.

नुसती चेसिस घेऊन हौदा बाहेर बांधायचा असेल तर आधी तात्पुरती नोंदणी होते. हौदा बांधल्यावर आरटीओची तपासणी होते आणि मग पक्का नंबर मिळतो. हा वेळ वेगळा धरावा.

ताबा घेताना

गाडी दिवसाउजेडी घ्यावी. बिल, विमा आणि आरसी यांवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळवावा. विक्री प्रमाणपत्रावर म्हणजे फॉर्म २१ वर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. जानेवारीत घेताना ते खास बघावं, कारण डिसेंबरातली गाडी विकताना एक वर्ष जुनी धरली जाते. टायरवर चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२ वा आठवडा. स्टेपनी, जॅक, पाना, दोन चाव्या आणि सर्व्हिस बुक मोजून घ्यावं. रंगाला ओरखडा किंवा पत्र्याला पोचा असेल तर सही करण्याआधी फोटो काढून लिहून द्यावं.

फारच उशीर झाला तर

पहिल्यांदा शोरूमला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मग कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडे तक्रार करून तिचा नंबर टिपून ठेवावा. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि १० लाखांपर्यंतच्या खरेदीला फी २०० रुपयांच्या वर जात नाही.

'पिकअप धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहकच नाही' असं उत्तर मिळू शकतं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या गाडीचा मालक कायद्याने ग्राहकच ठरतो. त्यासाठी सातबारा, बाजार समितीच्या पट्ट्या, बुकिंगची पावती आणि बँकेचा उतारा एका फाइलमध्ये ठेवावा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणंही पुसू नये, तारीख कोणी दिली होती ते त्यातच सापडतं.