वेस्ली पितापुत्रांचीं पत्रें

तरुण धर्मोपदेशकास केलेला उपदेश या आशयाच्या नांवाची एक लहान इंग्रजी पुस्तिका इ. स. १७३५ सालीं छापली गेली. तिचा कर्ता सॅम्युएल वेस्ली हा इंग्लंडांत लिंकनशायरमधील एप्वर्थ गांवचा पाद्री होय. ती छापविली त्याचा मुलगा जॉन यानें. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक म्हणून पुढें प्रसिद्धीस आला तो हाच. बाप लिहिणारा व मुलगा छापविणारा, तेव्हां हा उपदेश मुलासच केलेला असावा असें सहज वाटतें. वस्तुतः ती पुस्तिका बापानें आपल्या एका सहायक पाद्र्यासाठीं लिहिली होती. मुलास काय सांगितलें हें पाहावयाचें तर खाजगी पत्रांकडेच वळलें पाहिजे. १७०९ च्या फेब्रुवारींत एप्वर्थ येथील घर जळून बापाचे ग्रंथ व कागद नष्ट झाले. यामुळें मागाहूनच्या पत्रांचें मोल अधिक आहे.

पहिलें महत्त्वाचें पत्र २६ जानेवारी १७२५ चें. त्या काळीं इंग्लंडांत वर्षारंभ २५ मार्चला होई. म्हणून तेथील गणनेनें हें पत्र १७२४ सालांतच पडतें. मृगसालाचा मेळ घालणाऱ्या आमच्या वाचकांस ही अडचण नवी नाहीं. जॉन तेव्हां एकवीस वर्षांचा असून ऑक्सफर्ड येथें होता. केवळ पोट भरण्यासाठीं दीक्षा घेणें हें हीन होय, ईश्वराचा महिमा व मंडळीची सेवा हाच मुख्य हेतु असावा, असें बापानें त्यास कळविलें व आधीं अभ्यास करावा म्हणून सुचविलें. आई सुसॅना हिचें मत मात्र विलंब नको असें होतें. मार्चांत बापानेंही आपलें मत बदललें आणि १९ सप्टेंबर १७२५ रोजीं जॉन यास डीकनपदाची दीक्षा मिळाली.

पुढें १७३० सालीं जॉन व त्याचे सोबती ऑक्सफर्डच्या किल्ल्यांतील कैद्यांस भेटूं लागले. त्यानें बापाचा सल्ला विचारला. बापानें मनापासून संमति दिली. आपणही विद्यार्थी असतां तेंच करीत होतों, असें त्यानें लिहिलें. कर्जापायीं तो स्वतः १७०५ सालीं लिंकन येथील तुरुंगांत होता व तेथेंही कैद्यांपुढें प्रार्थना वाची, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मात्र कैद्यांवर ज्याचा धर्माधिकार असेल त्यास आधीं विचारावें, नंतर बिशपची अनुमति घ्यावी, अशी त्यानें ताकीद दिली. जॉननें ती पाळली. हें उत्तर त्यानें १७३२ च्या एका पत्रांत उतरून घेतलें व तें पत्र आपल्या छापील रोजनिशीच्या आरंभीं घातलें. एका पत्राच्या पोटांत दुसरें पत्र टिकून राहतें, त्याचें हें चांगलें उदाहरण होय.

शेवटचा प्रसंग १७३४ चा. बाप थकला होता. आपल्यामागें जॉननें एप्वर्थ सांभाळावें अशी त्याची इच्छा होती. स्वतःचा विचार न करितां ईश्वराचा महिमा कोठें अधिक वाढेल तें पाहावें, असें त्यानें २० नोव्हेंबरच्या पत्रांत बजाविलें. जॉननें १० डिसेंबरला सव्वीस कलमी उत्तर धाडिलें. त्याचें सार इतकेंच कीं, जेथें मी स्वतः अधिक पवित्र होईन तेथेंच मी इतरांच्या अधिक उपयोगी पडेन, व तें स्थळ ऑक्सफर्ड. २५ एप्रिल १७३५ रोजीं बाप वारला.

या उत्तरावरून बापाचा उपदेश वायां गेला असें म्हणावयाचें काय? आमच्या मतें नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत जॉन ऑक्सफर्ड सोडून अमेरिकेंतील जॉर्जियास निघाला. १७३९ च्या एप्रिलांत ब्रिस्टलजवळ उघड्यावर प्रवचन करूं लागला. आपल्या कलमांचें खंडन त्यानें आपल्याच आचरणानें केलें. मात्र अनुमतीची जी मर्यादा बापानें १७३० सालीं घालून दिली होती, ती आतां सुटली. ६ जून १७४२ रोजीं तो एप्वर्थ येथें आला असतां त्यास बापाच्या देवळांत प्रवचन करूं दिलें नाहीं. तेव्हां त्या दिवशीं सायंकाळीं तो आवारांतील बापाच्या थडग्यावर उभा राहून बोलला.

पत्राचें उत्तर त्या दिवशींचें मन दाखवितें. उपदेश पचला कीं नाहीं हें पुढील कागद पाहिल्यावांचून ठरवूं नये.