तंबोऱ्याचें मोल

सोलापूर जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे वाचकांस चादर, ज्वारी आणि पंढरीची वारी आठवते. परंतु बैठकींत गवयाच्या मागें जे दोन तंबोरे बोलत असतात, त्यांचें पोट याच जिल्ह्यांत पिकतें ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते. पंढरपूर, मंगळवेढें, बेगमपूर या भीमाकांठच्या मुलुखांतील कडू भोपळा मिरजेस जातो आणि तेथें त्याचा तंबोरा होतो. मुलगी गाणें शिकूं लागली आणि गुरुजींनीं घरीं तंबोरा हवा असें सुचविलें, म्हणजे मध्यम स्थितीच्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो किंमतीचा. उत्तम तंबोऱ्यास पडणारा पैसा सार्थकीं लागतो काय? याचें उत्तर या वाद्याच्या इतिहासांतच सांपडण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें.

मिरजेचा हा धंदा मूळचा शिकलगारांचा. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या, आणि हत्यारांस धार लावणाऱ्या हातांना पूर्वींसारखें काम उरलें नाहीं. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नांवाच्या शिकलगारानें तंतुवाद्यांची दुरुस्ती करतां करतां तीं स्वतः घडविण्यास आरंभ केला, अशी तेथील परंपरा आहे. पटवर्धन संस्थानिकांच्या पदरीं गवई होतेच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहिले; विष्णु दिगंबर पलुस्कर तेथेंच त्यांच्याजवळ शिकले; आणि अब्दुल करीम खांसाहेबांनीं १९३७ सालीं देह ठेवीपर्यंत मिरजेसच आपलें घर मानिलें. असे कान कारागिराच्या शेजारीं नांदत असल्यावर हलका माल खपणें कठीणच होतें. तेव्हां पैसा दरबार देई आणि पारख गवई करी. आतां दोन्ही कामें गृहस्थाच्या अंगावर आलीं आहेत. म्हणून आपण पैसा कशाचा देतों हें त्यास कळलें पाहिजे.

पहिला पैसा भोपळ्याचा. दांडी आणि तबली तुणीच्या लांकडाची. लांकूड हव्या त्या मापानें कापतां येतें. भोपळा मात्र शेतांत वाढला तेवढाच. मर्दानी तंबोऱ्यास मोठा घेर लागतो, कारण त्याच्या खर्जाच्या पितळी तारेस मंद्रांत बोलावयाचें असतें, आणि खोल स्वरास पोटांत तशी पोकळी हवी. घेरदार, सुडौल आणि सारख्या जाडीच्या सालीचे भोपळे मोजकेच निघतात. ते वेलीवर पुरते पिकवून मग कित्येक महिने वाळवावे लागतात. त्या अवधींत अवकाळी पाऊस झाला तर वर्षाची मेहनत कुजून जाते. ही जोखीम किंमतींत धरलेली असते आणि ती रास्त आहे.

दुसरा पैसा जवारीचा. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिच्या माथ्यास अगदीं सौम्य उतार असतो. तार त्या उतारावर घासत कांपते. तिच्याखालीं सुताचा धागा नेमक्या जागीं सरकविला कीं स्वर उमलतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें कीं, तार छेडण्याची जागा पाहतां जे उपस्वर नियमाप्रमाणें मुळींच उमटूं नयेत, तेहि तंबोऱ्यांतून उमटतात. आणि याचें कारण घोडीची ही घडण होय. हा उतार कारागीर कानस हातीं धरून, तार पुनः पुनः ऐकून काढतो. शिवाय तो कायमचा टिकत नाहीं. तारेनें खांच पडते आणि जवारी पुनः लावून घ्यावी लागते. म्हणजे तंबोरा घेणारा एका कारागिराशीं वर्षानुवर्षांचा संबंध विकत घेत असतो.

तिसरा पैसा नक्षीचा. एके काळीं हस्तिदंताचें काम होई. वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ सालीं आला, पुढें तो अधिक कडक झाला आणि तें काम बंद पडलें. वेलबुट्टी डोळ्यांस सुख देते, परंतु तिनें खर्ज अधिक गंभीर होत नाहीं. काटकसर करावयाची तर ती येथें करावी.

विजेवर चालणारी तंबोरापेटी असतां हा खर्च कशास, असें कोणी विचारील. त्यांत तथ्य आहे. पेटी दमट हवेंत उतरत नाहीं, प्रवासांत फुटत नाहीं, आणि पहिल्या एक-दोन वर्षांच्या शिक्षणास पुरी पडते. परंतु तिच्यावर स्वर आयता मिळतो. तंबोरा जुळवितांना विद्यार्थी षड्ज शोधावयास शिकतो, आणि तें शोधणें हाच गाण्याचा पहिला धडा आहे. गाणें टिकेल अशी खात्री पटेपर्यंत पेटीवर भागवावें. पटली कीं साधा, बिननक्षीचा, पण उत्तम भोपळ्याचा व नीट जवारीचा तंबोरा घ्यावा. घेतांना गुरुजींस बरोबर न्यावें आणि चारी तारा जुळवून बराच वेळ ऐकावें.

या हिशेबास आणखी एक बाजू आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाचें रक्षण झालें. भोपळ्याचें रक्षण मात्र मानांकनानें होत नाहीं. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, आणि भीमाकांठीं ऊस पसरला. उसाचा पैसा ठरलेला. भोपळ्याचा पाऊस आणि गिऱ्हाईक यांवर अवलंबून. चांगल्या भोपळ्यास चांगला भाव मिळाला नाहीं, तर मंगळवेढ्याचा शेतकरी त्या वाफ्यांत ऊसच लावील, आणि त्याबद्दल त्यास दोष देतां येणार नाहीं.