पदर, परमा आणि 'वांझ' ठरलेल्या स्त्रिया

१/ अंगावरून पांढरे जाणे, श्वेतप्रदर, धुपणी : या व्याधीला नावे अनेक मिळाली, पण तिचे कारण बराच काळ स्त्रीच्या 'नाजूक प्रकृती'तच शोधले गेले. त्या स्त्रीला मूल झाले नाही, तर दोषही तिचाच. हा समज कसा ढळला, त्याचा हा इतिहास.

२/ १८३६ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेद दॉने यांनी योनिस्राव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात त्यांना हालचाल करणारा एक सूक्ष्म जीव दिसला. आज आपण त्याला ट्रायकोमोनस म्हणतो. स्रावाचे मूळ प्रकृतीबाहेरही असू शकते, याची ही पहिली खूण होती. मात्र तिचा अर्थ लागायला अनेक दशके गेली.

३/ पुढचे पाऊल न्यूयॉर्कमध्ये वैद्यकी करणाऱ्या एमिल नोगेराथ या जर्मन डॉक्टरांनी टाकले. १८७२ मध्ये त्यांनी स्त्रियांमधील 'सुप्त' परम्यावर, म्हणजे गनोरियावर, जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला.

४/ त्यांचे म्हणणे असे : तरुणपणी पुरुषाला परमा होतो, लक्षणे ओसरतात, तो स्वतःला बरा समजून विवाह करतो. पत्नीला मोठे आजारपण येत नाही. थोडा स्राव, ओटीपोटात दुखणे, एवढेच. संसर्ग मात्र गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढतो. तेथे सूज येते, वाटा बुजतात आणि बीज व शुक्राणू यांची भेटच होत नाही.

५/ १८७६ मध्ये अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नव्या संस्थेपुढे त्यांनी हाच विषय मांडला. बहुतेकांना तो पटला नाही. एक तर पुरावा म्हणून जंतू दाखवता येत नव्हता. शिवाय या सिद्धान्ताने प्रतिष्ठित घरांतील पतींनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते.

६/ तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, ब्रेस्लाउ येथे अवघ्या चोवीस वर्षांच्या आल्बर्ट नाइसर यांनी परम्याचा जंतू ओळखला. नोगेराथ यांची काही विधाने अतिशयोक्त होती; एकदा जडलेला परमा कधीच बरा होत नाही, असे ते मानत. पण त्यांचा गाभ्याचा मुद्दा टिकला.

७/ त्याला आकडे मिळाले ते विसाव्या शतकात. स्वीडनमधील लुंड येथे लार्स वेस्ट्रम आणि सहकाऱ्यांनी १९६० ते १९८४ या काळातील रुग्ण स्त्रियांचा मागोवा घेतला. बीजवाहिन्यांना एकदा दाह झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना वाहिन्यांतील बिघाडामुळे वंध्यत्व आले. दोनदा झालेल्यांत १९.५ टक्के, तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के. उपचारातील दिरंगाई किती महाग पडते, ते यावरून कळते.

८/ आपल्याकडे तर हे दुखणे कुणी मोजलेच नव्हते. ते काम गडचिरोलीत झाले. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले : ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, त्या आजारांपैकी सुमारे निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या सरकारी चौकटीला त्या आकड्यांनी धक्का दिला.

९/ येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पाळीच्या चक्रानुसार बदलणारा पांढरट वा पारदर्शक स्राव स्वाभाविक असतो. संसर्गाचा प्रत्येक स्रावही वंध्यत्वाकडे नेत नाही. धोका प्रामुख्याने वर चढणाऱ्या संसर्गाचा, विशेषतः परमा आणि क्लॅमिडिया यांचा. दुर्गंधी, पिवळा-हिरवट रंग, खाज, ताप किंवा ओटीपोटात वेदना असतील, तर तपासणी लांबवू नये.

१०/ आज परमा किंवा क्लॅमिडिया आढळला, की डॉक्टर पती वा जोडीदारालाही तपासणीस बोलावतात आणि दोघांवर उपचार करतात. नोगेराथ यांनी सभेत मांडलेला आणि त्या सभेला न रुचलेला विचार आता औषधाच्या चिठ्ठीतला नेहमीचा नियम झाला आहे.